दोन खाती, एक नाव

"आई, तुला होमवर्कला बँक आली आहे!"

माझा मुलगा स्वयंपाकघरातल्या टेबलावरून ओरडला तेव्हा मी आमटीला फोडणी देत होते. २०१६ च्या सप्टेंबरातली गोष्ट. तो चौदा वर्षांचा, नुकताच हायस्कूलला गेलेला. मी त्रेचाळीस वर्षांची, इथल्या न्यू जर्सीतल्या कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळच्या वर्गाला नुकतीच जाऊ लागलेली. त्या वर्षी आमच्या टेबलावर दोन दप्तरं पडलेली असत आणि त्यातलं जास्त अस्ताव्यस्त माझं असे.

"बँक आली म्हणजे काय?"

"म्हणजे बँक अकाउंटचा क्लास लिहायचा. डिपॉझिट, विड्रॉ, बॅलन्स. जावा शिकताना सगळ्यांना पहिल्यांदा हेच देतात. एकदम सोप्पं आहे."

मी गॅस बारीक केला आणि मला हसूच आलं. आमच्या वर्गात बावीस विद्यार्थी होते. त्यांतल्या बहुतेकांच्या फोनमध्ये बँक होती. पण बँकेतलं खातं स्वतःच्या हाताने, शाईच्या पेनने, जाडजूड लेजरमध्ये दहा वर्षं लिहिलेली त्या वर्गात मी एकटीच असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

आपल्या मंडळातल्या पुष्कळ जणी मला सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यामुळे ओळखतात. मी बँकेत होते हे फार थोड्यांना माहीत आहे, कारण मीच ते सांगत नसे. १९९६ ते २००६ अशी दहा वर्षं मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी सहकारी बँकेत क्लार्क होते. २००६ मध्ये ह्यांच्या नोकरीमुळे चार वर्षांच्या मुलाला घेऊन इथे आले, ती एच-फोर व्हिसावर. त्या व्हिसावर शिकता येतं, पण नोकरी करता येत नव्हती. मे २०१५ मध्ये नियम बदलला आणि ज्यांच्या जोडीदाराचा ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्प्यापुढे गेला आहे अशांना कामाचा परवाना मिळू लागला. तो कागद हातात आला तेव्हा मी आनंदाने रेझ्युमे लिहायला बसले. २००६ पर्यंतचं पटापट लिहिलं आणि मग पेन थांबलं. नऊ वर्षांपुढे काय लिहायचं? शेजारच्या बाईंनी अगदी प्रेमाने विचारलं होतं, "म्हणजे तू काहीच करत नव्हतीस?" ह्यांनी आणि मुलाने मिळून मला कॉलेजात ढकललं ते त्यानंतर.

तर होमवर्क. 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग' हे नाव ऐकून पहिले दोन आठवडे माझ्या पोटात गोळा येत असे. पुस्तकात पहिल्याच प्रकरणात होतं की ही कल्पना १९६० च्या दशकात नॉर्वेत जन्माला आली. ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन निगार्ड या दोघांनी 'सिम्युला' नावाची भाषा बनवली, ती खऱ्या जगातल्या व्यवहारांची संगणकावर नक्कल करून पाहण्यासाठी. खऱ्या जगात जशा वस्तू असतात, तशा प्रोग्रॅममध्ये करायच्या. प्रत्येक वस्तूने आपली माहिती आपल्यापाशी ठेवायची आणि आपलं काम आपणच करायचं. वाचून फारसं काही कळलं नव्हतं. पण बँकेचं खातं म्हटल्याबरोबर डोळ्यांपुढे लेजरचं पान आलं.

लेजरचं कोरं पान छापील असे. वर नाव, पत्ता, खाते क्रमांक. खाली रकाने: तारीख, तपशील, नावे, जमा, शिल्लक. सगळ्या खात्यांना पान एकसारखंच. तो छापील नमुना म्हणजे क्लास. गिऱ्हाईक आलं, ओळख देणारा माणूस आला, कमीत कमी रक्कम भरली आणि आपण त्या पानावर नाव घातलं, की ते झालं एक ऑब्जेक्ट. नमुना एक आणि खाती हजार. प्रोग्रॅममध्ये नवीन ऑब्जेक्ट तयार होताना जो भाग आपोआप चालतो त्याला कन्स्ट्रक्टर म्हणतात. माझ्या हिशेबी तो म्हणजे खातं उघडण्याचा फॉर्म: नाव नाही, तर खातं नाही.

पुढची अट होती की बॅलन्स 'प्रायव्हेट' ठेवा. म्हणजे बाहेरच्या कुठल्याही कोडला शिल्लक थेट बदलता येता कामा नये. वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "प्रोग्रॅम माझा, खातं माझं, मग मीच माझ्यापासून का लपवू?" प्राध्यापक उत्तर शोधत होते तोवर माझा हात वर गेला होता. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी सांगितलं की आमच्या बँकेत पैसे गिऱ्हाइकाचेच असत, पण गिऱ्हाईक काउंटरच्या आत येऊन लेजरमध्ये आकडा लिहीत नसे. तो स्लिप भरून देई. आम्ही पितळी टोकन देत असू. स्लिप लेजरला लागे, शिल्लक पाहिली जाई, सही ताडून पाहिली जाई, अधिकारी पास करी आणि मग कॅशियर टोकनचा नंबर पुकारी. आकडा बदलण्याची वाट एकच, आणि त्या वाटेवर तपासणी बसलेली. 'विड्रॉ' ही ती वाट. प्राध्यापक म्हणाले, "पुढच्या वर्षी हे मी असंच शिकवणार." त्या रात्री घरी येताना मी गाडीत गाणं म्हटलं.

पैसे कसे साठवायचे यातही मला लेजरच उपयोगी पडलं. पुष्कळांनी शिल्लक दशांश अपूर्णांकात ठेवली होती. जावामध्ये तशा प्रकारात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज केली तर ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येते. संगणक आकडे दोनच्या पटीत मांडतो आणि जसा एक तृतीयांश आपल्याला दशांशात पूर्ण लिहिता येत नाही, तसा एक दशांश त्याला त्याच्या पद्धतीत पूर्ण लिहिता येत नाही. म्हणून पैशांच्या हिशेबात सेंट किंवा पैसे पूर्णांकात मोजायचे. आमच्या लेजरला रुपयांचा रकाना वेगळा आणि पैशांचा वेगळा होता. दोन्हींत पूर्ण आकडे. मला कुणी काही शिकवायची गरजच पडली नाही.

मग आला वारसा, म्हणजे इनहेरिटन्स. मूळ 'अकाउंट' क्लासपासून सेव्हिंग, चेकिंग आणि सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट असे तीन क्लास काढायचे. 'चेकिंग' म्हटलं की मला आमच्या हेडक्लार्कची लाल टिकमार्कच आठवे. इथे ते चालू खातं आहे हे डोक्यात बसायला दोन दिवस लागले. सर्टिफिकेट म्हणजे आपली एफडी. प्रश्न असा की मूळ क्लासमध्ये 'विड्रॉ' आहे, मग एफडीत त्याचं काय करायचं? कुणी म्हणालं दंड कापा, कुणी म्हणालं एरर द्या. मी म्हटलं, आम्ही एफडीतून पैसे कधी काढतच नसू. एफडी 'मोडत' असू. पावती मागे सही करून परत घ्यायची, ठेव बंद करायची, मुदतीआधीचं जे व्याज बसेल ते धरून रक्कम सेव्हिंगला जमा करायची आणि मग तिथून काढायची. ते कामच वेगळं, म्हणून त्याला शब्दही वेगळा.

त्यावर प्राध्यापकांनी बार्बरा लिस्कोव्ह या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ बाईंचा नियम सांगितला. जिथे आईबापाकडून एखादी अपेक्षा आहे, तिथे मूल उभं केलं तरी ती अपेक्षा मोडता कामा नये. जे खातं पैसे काढूच देत नाही, त्याला 'पैसे काढता येणाऱ्या खात्याचं' मूल करू नये. मला एकदम पटलं. एफडी मोडायला आलेल्या माणसाचा चेहरा आणि सेव्हिंगमधून शंभर रुपये काढायला आलेल्याचा चेहरा एकसारखा कधीच नसे.

व्याजाच्या भागात तर मी चक्क फुशारकी मारली. तेव्हा आपल्याकडे सेव्हिंगला व्याज रोजच्या शिलकीवर मिळत नसे. महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावर मिळे. पेन्शनर मंडळींना हे पाठ होतं. नऊ आणि दहा तारखेला काउंटरवर ही गर्दी! अकरा तारखेला भरलेल्या पैशाला त्या महिन्याचं व्याज नाही. १ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेने रोजच्या शिलकीवर व्याज सुरू केलं, पण तोवर मी इकडे आले होते. मी 'व्याज काढा' हे एकच काम जुन्या पद्धतीच्या खात्याला एका रीतीने आणि नव्या पद्धतीच्या खात्याला दुसऱ्या रीतीने शिकवलं. हाक एकच मारायची आणि ज्याने त्याने आपापल्या रीतीने ओ द्यायची. याला पॉलिमॉर्फिझम म्हणतात. मुलगा म्हणाला, "आई, तू तर वर्गात शायनिंग मारतेयस." मारत होतेच. नऊ वर्षांनी मला काहीतरी येत होतं.

डिसेंबरात शेवटचा प्रोजेक्ट आला. सगळी खाती ठेवणारी एक 'बँक' लिहायची. नाव टाकलं की खातं सापडलं पाहिजे, पैसे भरता-काढता आले पाहिजेत, दिवसअखेर सगळ्या खात्यांची बेरीज बँकेकडच्या एकूण रकमेशी जुळली पाहिजे. तपासणीसाठी प्राध्यापकांनी नमुन्याचे व्यवहार दिले होते. माझा प्रोग्रॅम त्या सगळ्यांत पास झाला.

"थांब, मी तोडून दाखवतो," मुलगा म्हणाला. त्याला त्यात फार मजा. त्याने स्वतःच्याच नावाने दोन खाती उघडली. पहिल्यात शंभर डॉलर टाकले, दुसऱ्यात पाच. मग दुसऱ्यात पन्नास भरायला गेला, तर ते जाऊन बसले पहिल्यात. माझा प्रोग्रॅम यादीत वरून खाली नाव शोधत येई आणि पहिलं जे जुळेल तिथे थांबे.

"हा बघ बग!" तो हसत म्हणाला. "पण गंमत म्हणजे टोटल बरोबर येतेय. म्हणजे तसा पास आहेस तू."

मी काही बोलले नाही. लॅपटॉप मिटला आणि भांडी घासायला घेतली. डिशवॉशर असताना.

ती गोष्ट १९९८ ची. आमच्या गावच्या मंडईत एक आजी भाजी विकायला बसत. मेथी, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या. अंगठेबहाद्दर. दर पंधरा दिवसांनी पिशवीतून चुरगळलेल्या नोटा आणि चिल्लर घेऊन येत. स्लिप आम्हीच भरून द्यायचो. एका सोमवारी, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी २,४०० रुपये आणले. पासबुक घरी राहिलं होतं. काउंटरला ही गर्दी. मी नाव विचारलं, इंडेक्समध्ये बघितलं, समोर जो खाते क्रमांक दिसला तो स्लिपवर घातला, शिक्का मारला, सही केली आणि काउंटरफॉइल त्यांच्या हातात दिलं. त्याच नावाची, त्याच आडनावाची आणखी एक बाई त्याच लेजरमध्ये होती. इंडेक्समध्ये ती वर होती, आजी खाली. मी वरच्या नावाला थांबले.

संध्याकाळी चेकिंग झालं. स्लिपवरचं नाव पानावरच्या नावाशी जुळत होतं, आकडा जुळत होता, क्रमांकही जुळत होता. लाल टिक पडली. महिनाअखेर लेजर बॅलन्सिंग झालं. हे काम ज्यांनी केलं असेल त्यांना ठाऊक आहे: प्रत्येक पानावरची शिल्लक उतरवून काढायची, बेरीज मारायची आणि जनरल लेजरच्या आकड्याशी ताडायची. फरक आला की रात्रीचे नऊ वाजत. फरकाला ९ ने भाग गेला तर कुठेतरी आकडे उलटे पडले आहेत असं समजायचं, ६३० चे ३६० झाले की फरक २७०. त्या महिन्यात आमचं लेजर पहिल्या झटक्यात टॅली झालं. आम्ही भजी मागवली. पैसे चुकीच्या खात्यात होते, पण त्याच लेजरमध्ये होते, त्यामुळे बेरजेला काहीच कळलं नाही.

तीनेक आठवड्यांनी आजी पासबुक घेऊन दोन हजार काढायला आल्या. नातवाला आयटीआयला प्रवेश मिळाला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फी भरायची होती. मी पान उघडलं. शिल्लक ३१२ रुपये.

"आजी, खात्यात एवढे पैसे नाहीत."

"न्हाईत कसं? म्या सवताच्या हातानं दिलं हुतं की बाय, तुमच्याच हातात."

मागे रांग वाढत होती. मी पान पुन्हा पाहिलं. त्यावर त्या दिवसाची नोंद नव्हती आणि लेजरमध्ये नसलेली गोष्ट घडलेली नाही, असं तेव्हा मला अगदी मनापासून वाटत असे. मी म्हटलं, "आजी, तुम्ही विसरला असाल. घरीच ठेवले असतील. नीट आठवून बघा." चार माणसांत, जरा मोठ्यानेच. मागच्या रांगेतला एक जण हसला. आजी बाकावर थोडा वेळ बसल्या आणि मग निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या नातवाला घेऊन आल्या. पदराच्या गाठीतून काउंटरफॉइल काढलं. त्यावर शिक्का होता, २,४०० होते, माझी सही होती आणि माझ्याच अक्षरात दुसऱ्याच खात्याचा नंबर होता.

आमचे हेडक्लार्क वयाने मोठे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांनी त्या तारखेच्या व्हाउचरचा गठ्ठा काढला, लेजरची दोन्ही पानं उघडली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या बाईने सुदैवाने पैसे काढले नव्हते. मला घाम फुटला होता. प्रोबेशन संपून जेमतेम वर्ष झालेलं. मी ड्रॉवरमधून ब्लेड काढलं, चुकीच्या पानावरचा आकडा हलक्या हाताने खरवडून टाकावा म्हणून. अण्णांनी माझा हात धरला.

"अहो ताई, खोडायचं नाही. उलटी नोंद घाला. इकडे नावे, तिकडे जमा, आणि तपशिलात लिहा: चुकीच्या खात्यात जमा झाले, दुरुस्ती. आपण चुकलो ते दिसलं पाहिजे. उद्या कुणी बघितलं तर त्याला कळायला हवं."

मी दोन व्हाउचर केली. अण्णांनी लाल शाईत सह्या केल्या. आजींना पैसे मिळाले. त्यांनी ते मोजून घेतले, म्हणजे नातवाने मोजले, आणि त्या गेल्या. मी दुसरं व्हाउचर हातात घेऊन मान खाली घालून बसले होते.

आठवड्याने शिपाईमामांकडून कळलं की फी त्या दिवशी सकाळीच भरली होती. आजींनी आदल्या रात्री कुणाकडून तरी दोन हजार व्याजाने उचलले होते आणि देणाऱ्याने महिन्याचं व्याज आगाऊ कापून घेतलं होतं. त्या व्याजाला आमच्या लेजरमध्ये कुठलाच रकाना नव्हता. पुढे आजी बँकेत येत राहिल्या, पण माझ्या काउंटरला कधी आल्या नाहीत. माझ्यासमोर कुणी नसलं तरी त्या शेजारच्या रांगेत उभ्या राहत. २००६ मध्ये नोकरी सोडली त्या दिवसापर्यंत.

हे सगळं मी त्या रात्री मुलाला सांगितलं. त्याआधी कुणाला सांगितलं नव्हतं, ह्यांनाही नाही. मी दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम पुन्हा लिहायला घेतला, तेव्हा त्याने विचारलं होतं, "एवढं कशाला? प्रोफेसरने मागितलंच नाहीये." म्हणून सांगावं लागलं.

तो ऐकत होता. सगळं संपल्यावर म्हणाला, "मग तू त्या आजींना सॉरी म्हणालीस?"

"पैसे दिले ना त्यांना दुसऱ्या दिवशी."

"ते बँकेने दिले. तू सॉरी म्हणालीस का?"

आठ वर्षं त्या शेजारच्या रांगेत उभ्या होत्या. चार पावलांवर. मला रोज वाटे की आज उठून जावं, आणि रोज वाटे की आता इतक्या दिवसांनी काय बोलायचं. "नाही," मी म्हटलं.

तो काही बोलला नाही. मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला आणि आम्ही दोघांनी मिळून ते काम पुरं केलं.

आम्ही केलं ते एवढंच. शोध खाते क्रमांकावरून केला. नावावरून शोधलं आणि एकापेक्षा जास्त खाती निघाली, तर प्रोग्रॅमने स्वतः काही ठरवायचं नाही, सगळी दाखवून विचारायचं. 'शिल्लक' नावाचा आकडा साठवणंच बंद केलं. प्रत्येक खात्यापाशी नोंदींची यादी ठेवली आणि शिल्लक हवी असेल तेव्हा त्या नोंदींची बेरीज करायची. नोंद एकदा झाली की बदलता येणार नाही, पुसता येणार नाही. चूक झाली तर उलटी नोंद, आणि तपशील लिहिल्याशिवाय ती होणारच नाही. तो तपशिलाचा नियम मुलाने घातला. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम न्यायची तर दोन्ही नोंदी एकत्र व्हायच्या, नाहीतर एकही नाही, जशी अण्णा ती दोन व्हाउचर एकाच टाचणीने टाचत असत. आणि तपासणीत आम्ही आमची एक जोड घातली: एकाच नावाची दोन खाती.

मला त्या विषयात 'ए' मिळाला. प्राध्यापकांनी शेऱ्यात लिहिलं होतं की मागितलं त्याच्यापेक्षा जास्त काम केलं आहे. ते वाचून बरं वाटलं, पण जितकं वाटायला हवं होतं तितकं नाही.

२०१८ च्या डिसेंबरात आम्ही भारतात गेलो, तेव्हा मुलाला घेऊन गावी गेले. बँकेत आता लेजर नाही, टोकन नाही. काउंटरवरच्या मुलीने संगणकावरून मान वर न करता विचारलं, "खाते क्रमांक?" मला तिचं कौतुक वाटलं. तिथून मंडईत गेलो. आजींची जागा मला नक्की आठवत होती, विहिरीच्या कोपऱ्यावर. तिथे दुसरी एक बाई बसली होती. तिने सांगितलं, आजी जाऊन सात-आठ वर्षं झाली. नातू पुण्याला कारखान्यात फिटर आहे, त्याचं बरं चाललंय. मला म्हणाली, "तुमी कोन त्यांच्या?" मला उत्तर सुचेना. मुलगाच आपल्या अमेरिकन मराठीत म्हणाला, "आई बँकेमध्ये होती." बाई म्हणाली, "अस्सं." आम्ही मेथीच्या दोन जुड्या घेतल्या.

गेली काही वर्षं मी एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. दवाखान्यांच्या बिलांचा प्रोग्रॅम आहे. नवा काहीही भाग आला, की मी सर्वांत आधी एकाच नावाची, एकाच जन्मतारखेची दोन माणसं भरते आणि बघते कुणाचं बिल कुणाला जातं. सुरुवातीला सहकारी हसत. एकदा खरंच गेलं, त्यानंतर हसत नाहीत. आणि कुणी फोनवर सांगितलं की माझी नोंद सापडत नाही, मी पैसे भरले होते, तर "तुम्ही विसरला असाल" असं मी म्हणत नाही. "पावतीवरचा नंबर वाचून दाखवता का?" असं विचारते.

मंडळातल्या काही मैत्रिणी अजून त्या कोऱ्या नऊ वर्षांत आहेत. त्यांनी मला विचारलं, या वयात आम्हाला जमेल का, कुठून सुरुवात करायची? बँकेच्या खात्यापासून करा. कॉलेजचा नवा वर्ग जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो, फॉर्म भरायला मी बरोबर येईन. माझं लेजरचं काम मला उपयोगी पडलं, तसं तुमचंही काही ना काही पडेल.

आणि आजी, तुम्ही विसरला नव्हता. मी चुकले होते.